सरळ केलेला ओढा

बांधकरी: काल एका सदस्याने आपल्या ओढ्याची छायाचित्रे टाकून अभिमानाने लिहिले, की पोकलेनने वळणे काढून ओढा सरळ आणि १० फूट खोल केला, त्यामुळे आता पाणी वाया जाणार नाही. ते वाचून राहवले नाही. पुरंदरातील आमचा ओढा कऱ्हेला मिळेपर्यंत इतकी वळणे घेत असे, की पलीकडच्या मळ्यात जायला तो तीनदा ओलांडावा लागे. वळणाच्या बाहेरच्या काठाखाली डोह असे आणि आतल्या बाजूला वाळू. त्या वाळूत हाताने झिरा उकरला, की मार्गशीर्षातही पाणी लागे. वळणे काढली, की तेवढाच उतार कमी अंतरात येतो आणि पाणी अधिक वेगाने निघून जाते. पाणी थांबावे म्हणून त्याची वाट मोकळी करायची, हे कोणते शास्त्र?

विहीरवाला: झिऱ्याच्या आठवणींवर कांदा पिकत नाही. आमच्याकडे २०१६ मध्ये सरकारच्या जलयुक्त शिवार योजनेतून ओढ्याचे खोलीकरण झाले, आणि पूर्वी संक्रांतीला तळ दाखवणारी माझी विहीर आता होळीपर्यंत चालते. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी धुळे जिल्ह्यात शिरपूरला ओढे खोल केले, तेव्हाही नाके मुरडणारे होतेच.

बांधकरी: खानापूरकरांनी नुसते खणले नाही, तर ओळीने बंधारेही घातले. शिवाय तापीकाठच्या गाळाच्या जमिनीत न झिरपणारे मातीचे थर आहेत, ते फोडण्याला अर्थ होता. आपल्याकडे मुरूम संपून अखंड काळा पाषाण लागला, की पुढचे खोदकाम म्हणजे डिझेलची नासाडी. उलट, ओढ्याचा तळ शेजारच्या विहिरीतील पाण्याच्या पातळीखाली गेला, तर विहिरीचेच पाणी ओढ्यात पाझरते. आपल्या वरच्या अंगाला विहीर असलेल्यांना कधी विचारले आहे का?

गटनकाशा: मूळ दुखण्याबद्दल दोघेही गप्प आहेत. आमचा ओढा नकाशात ४० फूट आहे आणि जागेवर १२. माझ्या चुलत्यांनी काठचे करंज तोडून दर नांगरटीला शेत नांगराच्या एकेका तासाने ओढ्यात सरकवले. १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २० नुसार ओढ्याचे पात्र सरकारचे असते, हे सांगून मी मोजणी आणली, तर त्यांनी मुलीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा दिली नाही. यंत्र आले, की जो चालकाला चहा पाजतो त्याच्या शेतातले वळण निघते.

विहीरवाला: आपली भाऊबंदकी येथे कशाला? माझ्याकडे ओढ्याचा दीड गुंठा आला असेल, म्हणून मी काही दरोडेखोर ठरत नाही.

गटनकाशा: दीड गुंठ्याचा आकडा मी काढला नव्हता, आपण स्वतःच दिलात, त्याबद्दल आभारी आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढा लोकांच्या घरांत शिरला, त्या काठावरही असेच गुंठे 'आलेले' होते.

विहीरवाला: शहराची उदाहरणे शहरात ठेवा. बांधकरींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र देतो. वरच्या अंगाची विहीर माझ्या मेहुण्याची आहे आणि यंदा तिचे पाणी दिवाळीलाच उतरले. ते खोलीकरणामुळेच उतरले असे मी मुळीच म्हणत नाही, त्यामुळे कोणी हुरळून जाऊ नये. बंधारा बांधायचा असेल, तर वर्गणी देईन. वळण परत घालण्यासाठी तो दीड गुंठा मात्र मिळणार नाही.