फवारणीचे बळी यवतमाळचे, दावा बासेलला : हे बरोबर आहे का?

पैनगंगा (धागाकर्ती)
2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारा मारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. त्यातल्या काही कुटुंबांचं म्हणणं आहे की सिंजेंटा या बासेलच्या (स्वित्झर्लंड) कंपनीचं 'पोलो' हे डायफेन्थियुरॉन या कीटकनाशकाचं औषध त्याला कारण ठरलं. कंपनीला ते मान्य नाही. 2020 मध्ये 51 कुटुंबांनी स्वित्झर्लंड सरकारच्या संपर्क केंद्राकडे (बहुराष्ट्रीय कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं, कोर्ट नसलेलं कार्यालय) मध्यस्थी मागितली, पण तडजोड झाली नाही. बासेलच्या दिवाणी न्यायालयात मात्र तिघंच गेले : एक वाचलेला शेतकरी आणि दोन विधवा.

तिघंच का? कारण अशा नुकसानभरपाईसाठी सगळ्यांनी मिळून एकच दावा लावण्याची सोय स्विस कायद्यात नाही. प्रत्येकाने आपापलं सिद्ध करायचं. माझं ठाम मत आहे की कंपनीचे निर्णय जिथे होतात तिथेच तिच्यावर दावा लागला पाहिजे, आणि तो सर्वांचा मिळून. स्वित्झर्लंडमध्ये 2009 पासून ज्या औषधाला बंदी आहे ते आमच्या पऱ्हाटीवर का चालतं, याचा जाब तालुक्याच्या विक्रेत्याला विचारून काय मिळणार?

कायद्याचा_कीस
पूर्ण असहमत. विषबाधा इथे झाली, साक्षीदार इथे, शवविच्छेदनाचे अहवाल इथे, पंचनामे मराठीत. औषधाला परवानगी देणारं नोंदणी मंडळही आपलंच. ते सगळं सोडून जर्मन भाषेत चालणाऱ्या कोर्टात जायचं म्हणजे त्या बाईला स्वतःच्या खटल्यात काय चाललंय हेही कळू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 1 नियम 8 आहे (सारखंच हित असलेल्या अनेकांच्या वतीने काहींनी दावा लावायची सोय), ग्राहक कायद्यातही सामूहिक तक्रार करता येते. ती वापरा.

गोदातीर
"इथेच दावा लावा" हे भोपाळलाही सांगितलं होतं. भारत सरकार 1985 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात गेलं, 1986 मध्ये न्यायमूर्ती कीनन यांनी खटला भारतात पाठवला. सर्व पीडितांच्या वतीने लढायचा अधिकार सरकारने आधीच कायदा करून स्वतःकडे घेतला होता. 1989 मध्ये 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली, पीडितांना कुणी विचारलं नाही. मृतांचा आकडा तेव्हा 3,000 धरला होता. पुढे 5 लाखांहून जास्त लोकांचे दावे मान्य झाले आणि त्याच रकमेची वाटणी झाली. बहुतेक जखमींच्या हाती आधी 25,000 रुपये आले, 2004 नंतर तेवढेच आणखी. केंद्राने जास्तीची भरपाई मागितली, तीही सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये फेटाळली.

कायद्याचा_कीस
@गोदातीर, भोपाळवरून मी उलटा निष्कर्ष काढतो. तिथे दावा सामूहिक होता म्हणूनच माणूस हरवला. एकाने सगळ्यांच्या नावाने सही केली की बाकीच्यांचे हात बांधले जातात. परदेशात तेच होणार, फक्त सही सरकारऐवजी वकिलांच्या फर्मची.

पैनगंगा
म्हणूनच बाहेर पडायचा हक्क हवा. नेदरलँड्समध्ये 2005 पासून अशी तडजोड न्यायालय तपासतं, मगच ती सगळ्यांवर बंधनकारक होते, आणि ज्याला पटत नाही तो ठरलेल्या मुदतीत वेगळा होऊ शकतो. शेल या तेल कंपनीच्या अमेरिकेबाहेरच्या भागधारकांचे 35 कोटी डॉलरहून जास्त रकमेचे दावे 2009 मध्ये ॲमस्टरडॅमच्या न्यायालयाने याच वाटेने मिटवले. भागधारकांना जे मिळतं ते फवारणाऱ्या मजुराला का नको?

आणि मूळ कंपनीच्या दारात जाणं हे स्वप्न राहिलेलं नाही. झांबियातले 1,826 गावकरी खाणीच्या प्रदूषणाबद्दल वेदांता या खाण कंपनीवर लंडनमध्ये दावा चालवू शकतात, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं. ब्राझीलच्या मारियाना इथल्या खाणीच्या गाळाच्या धरणफुटीत 6 लाखांहून जास्त दावेदार लंडनला गेले, तिथल्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये बीएचपी या खाण कंपनीला जबाबदार धरलं.

कायद्याचा_कीस
धरण फुटलं तेव्हा आला तो गाळ एकाच धरणाचा होता. इथे प्रत्येक पंपात वेगळं मिश्रण.

राळेगाव_शेतकरी
दोघंही शिकलेले दिसता, म्हणून गावातलं सांगतो. फवारणारा माणूस बहुतेक वेळा रोजंदारीवरचा. कृषी केंद्राची पावती निघते मालकाच्या नावाने, तीही निघाली तर. दोन-तीन औषधं एकत्र करून पंपात टाकतात, रिकामे डबे बांधावर फेकतात. आजारी माणसाला दवाखान्यात नेताना डबा सोबत नेतो कोण? कोर्ट बासेलचं असो की यवतमाळचं, पहिला प्रश्न येणार : कोणतं औषध? एकेकट्याला त्याचं उत्तर देता येत नाही. पण चाळीस गावांतल्या विक्रीच्या नोंदी, दवाखान्याचे केसपेपर आणि कोणत्या आठवड्यात कुठे काय विकलं गेलं हे एकाच दाव्यात मांडलं, तर चित्र उभं राहतं. मी सामूहिक दाव्याच्या बाजूने आहे तो यासाठी. कोर्ट कुठलं हे नंतर बघू.

कायद्याचा_कीस
@राळेगाव_शेतकरी, हा मुद्दा वजनदार आहे. पण त्या नोंदी कृषी विभागाकडे आणि सरकारी रुग्णालयांकडे आहेत. परदेशी न्यायाधीशाला त्या मागवायच्या तर दोन सरकारांमधून पत्रं फिरणार, इथला दिवाणी न्यायाधीश एका समन्सवर मागवतो.

पैनगंगा
मग समन्स इथून काढा, निकाल तिथे घ्या. बासेलचा निकाल बासेलच्या कंपनीवर लगेच वसूल होतो. यवतमाळचा हुकूमनामा घेऊन तिथे गेलात तर आधी त्याला मान्यता मिळवण्यासाठी पुन्हा कोर्टात उभं राहायचं, आणि तो खर्च त्या दोन विधवांनी कुठून आणायचा?