मदत हवी आहे: विभागात पूर्णवेळ मी एकटी, बाकी सगळे सीएचबी (तासिका तत्त्वावरचे). कामं वाटायची कशी?

नकाशावाली
मंडळी, तातडीने सल्ला हवाय. तासांचं वाटप जमतं. अडतंय ते बाकीच्या कामांपाशी: अंतर्गत गुण भरणं, प्रात्यक्षिकांची जर्नल्स, नॅकच्या (कॉलेज मूल्यांकनाच्या) फायली, पर्यवेक्षण, प्रवेश समिती. सगळं माझ्याच टेबलावर. सीएचबीवाल्यांना सांगायला जीभ रेटत नाही आणि स्वतः करत बसले तर माझे तास बुडतात. प्राचार्य म्हणतात, तुमच्या विभागाचं तुम्ही बघा. सोमवारी वेळापत्रक द्यायचंय. तुमच्याकडे काय करतात?

वर्कलोड
अनुदानित की विनाअनुदानित? मंजूर पदं किती? पीजी (पदव्युत्तर वर्ग) आहे का? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

बिंदुनामावली
मॅडम, मूळ दुखणं रिक्त पदांचं आहे. रोस्टर (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) तपासून घ्या, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयात भरतीच्या ना-हरकतीचा प्रस्ताव टाका, संस्थेमार्फत पाठपुरावा करा. बाकी सगळी मलमपट्टी.

नकाशावाली
भरतीचं विचारलं नाहीये हो. प्रस्ताव केव्हाच गेलाय. सोमवारचं बोला.
@वर्कलोड, अनुदानित, भूगोल. मंजूर चार, भरलेलं एक. पीजी आहे.

जुना_खडू
आमच्या वेळी असे हिशेब नव्हते. विभाग म्हणजे घर, सगळे मिळून करायचे. चहाला बोलवा, प्रेमाने सांगा, पोरं करतात.

दोन_कॉलेज
सर, मी सीएचबी आहे, म्हणून राहवत नाही. सकाळी सात-वीसचा तास एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या कॉलेजात. मधे तीन तास स्टाफरूममध्ये बसतो, त्याचे पैसे नाहीत. जर्नल तपासायचे पैसे नाहीत, गुण भरायचेही नाहीत. देयकात फक्त घेतलेले तास, आणि तेही निघतं महिनोन्महिने उशिरा. घरचं काम प्रेमाने करायला घरच्यासारखा पगार लागतो.

वर्कलोड
यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० असं सांगितलं होतं.

बिंदुनामावली
आणि यूजीसीच्याच २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुका एकूण पदांच्या १० टक्क्यांवर जाऊ नयेत, असं आहे. इथे चारातली तीन रिक्त!

वर्कलोड
ती अट कंत्राटी शिक्षकांची, आणि तिथेच पुढे नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी वेतन देऊ नका असंही आहे. सीएचबीला कंत्राटी धरायचं की नाही, हा वेगळा वाद.

दोन_कॉलेज
@नकाशावाली, मॅडम, एक करा. प्रत्येक सीएचबीचे तास सलग लावा, तीन दिवसांत बसवा. आम्हाला दुसरीकडे जाता येतं, मग प्रात्यक्षिकाच्या तासातच जर्नल तपासून सही करून टाकतो. विद्यार्थी समोर असतो, चूक तिथेच दाखवता येते. सत्राअखेरीला गठ्ठा उरत नाही.

प्रयोगशाळा_जुनी
विभागात प्रयोगशाळा परिचर आहे का? साठा नोंदवही, नकाशे, उपकरणं काढणं-ठेवणं ही कामं प्राध्यापकाची नव्हेतच.

नकाशावाली
परिचर निवृत्त झाले, पद रिक्त. नोंदवही मीच लिहिते. आणि पाच सीएचबींपैकी दोघे फक्त पीजीला आहेत, पीजी विनाअनुदानित.

वर्कलोड
हेच आधी हवं होतं! विनाअनुदानित पीजीचे पैसे संस्था देते. म्हणजे गुण भरणं, प्रश्नपत्रिका काढणं यांचे तास धरून मानधन द्या, असं संस्थेकडे लेखी मागता येतं. अनुदानित बाजूच्या तिघांना तासाबाहेरचं काम लावू नका. शासन त्याचा छदाम देत नाही. नॅक आणि अंतिम गुणांची सही तुमच्याकडेच ठेवा, उद्या विचारणा तुम्हालाच होणार. मंजूर पदांच्या तुलनेत पूर्णवेळ शिक्षक किती, हे नॅकच्या माहितीत तसंही दिसतंच.

जुना_खडू
सगळं कागदावर आणलं की माणसं दुरावतात. माझा अनुभव आहे.

दोन_कॉलेज
सर, कागदावर नसतं तेव्हाच दुरावतात.

नकाशावाली
सलग तासांचं आजच बसवते. संस्थेला पत्रही देते. पण प्रवेश समितीचं कुणीच बोललं नाही. ती ऐन सत्र सुरू होताना येते आणि माझे तास त्यातच जातात.

प्रयोगशाळा_जुनी
समितीचे दिवस आणि त्या दिवशीचे तुमचे तास एका पत्रात मांडून प्राचार्यांना द्या, पोच घ्या. चार पदं भरलेल्या विभागातून कुणी जाईल की नाही, ते मग त्यांनी ठरवायचं.