"एडिटला स्टॅबिलाइझ मारू" ही सवय कितपत बरी?

नौपाडाकर:
पाडव्याच्या स्वागतयात्रेचं शूटिंग आमच्या ग्रुपमधली पोरं हातात कॅमेरा धरून करून आली. गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी मोटरवाली मूठ, कपाटात. का, तर "एडिटला स्टॅबिलाइझ मारू की!", म्हणजे हललेलं चित्र नंतर सॉफ्टवेअरने स्थिर करू. मारलं. आता लेझीमवाल्या मुली मधोमध खिळल्यात आणि मागे ठाण्याच्या राम मारुती रोडवरची दुकानं डुलतायत. माझं मत स्पष्ट आहे: स्टॅबिलायझर डागडुजीपुरता. त्याच्या भरवशावर शूट करायला जाऊ नये.

घणसोलीचा एडिटर:
साहेब, सॉफ्टवेअरवर कशाला राग? त्यातला ट्रॅकर चित्रातले ठळक कोपरे, ठिपके पकडतो आणि पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे सरकले ते बघतो. निम्मी फ्रेम नाचणाऱ्यांनी भरली की तो त्यांनाच धरून बसणार. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या वार्प स्टॅबिलायझरमध्ये ट्रॅक पॉइंट दाखवायला सांगा, मुलींवरचे निवडून उडवा. शिवाय मेथड 'सबस्पेस वार्प'वर असेल (ती चित्राचे भाग वेगवेगळे वाकवते), तर ती 'पोझिशन, स्केल, रोटेशन'वर आणा. डुलणं बरंच कमी होईल. आणि त्या गर्दीत गिंबल घेऊन चालून दाखवाच एकदा.

नौपाडाकर:
पॉइंट उडवले, मान्य. ब्लरचं काय करता? सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०, म्हणजे प्रत्येक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी. धक्का बसला त्या क्षणी चित्र फराटलं. फ्रेम जागेवर आणली तरी फराटा तसाच. गुढी स्थिर उभी आणि मधेच उगाच धूसर होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वर फ्रेम सरकवून जागेवर आणताना कडा कापल्या जातात त्या वेगळ्याच. एका शॉटमध्ये ध्वजधारकाचा ध्वजच गेलाय.

कळवेकर:
हे सगळं शूट करतानाच टाळता येतं हो. मी गर्दीत ४के घेते, द्यायचं असतं फुल एचडी. म्हणजे ३८४० बाय २१६० मधून १९२० बाय १०८० काढायचं. कापायला भरपूर जागा. शटर १/२०० च्या आसपास. ढोलाच्या टिपऱ्या जरा तुटक दिसतात, ते मला चालतं. ढोलाच्या दणक्याने कॅमेरा थरथरला की खांब लिबलिबीत दिसतात तो मात्र वेगळा रोग: सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो त्याचा. त्यासाठी जायरोफ्लो बघा, फुकट आहे. कॅमेऱ्यातल्या जायरोच्या, म्हणजे कॅमेरा किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, नोंदींवर चालतं, हालचाल चित्रावरून ठरवत नाही, त्यामुळे समोर कोण नाचतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. मुख्य अट म्हणजे कॅमेऱ्याने त्या नोंदी ठेवलेल्या हव्यात.

नौपाडाकर:
म्हणजे तयारी शूटिंगच्या आधीच आली ना? तेच तर म्हणतोय मी!

घणसोलीचा एडिटर:
नाही, तुम्ही गिंबल म्हणत होतात. सेटिंग बदलायला पैसे पडत नाहीत.

नौपाडाकर:
बरं, गिंबल राहू दे. मोनोपॉड, एका पायाचा स्टँड, तरी नेतील?

कळवेकर:
न्या की. फक्त टेकवताना खाली कोणाचा पाय नाही ना, बघा. यात्रेत कोणी अनवाणीही असतं.