बी गटाची भीती कशाला घालता? नागपुरात कॅन्सर तोंडाचा आहे

लॅबवाली ताई, मानेवाडा
आमच्या लेआउटच्या ग्रुपवर काल एक पोस्ट फिरली. ‘बी रक्तगटवाल्यांनो सावधान! स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोका 72 टक्के जास्त. ओ गटवाले सुरक्षित. आजच कॅन्सर पॅकेज करा.’ खाली चाचण्यांचे दर. तेव्हापासून लोक मला विचारून राहिले, ताई, माझा बी आहे, आता काय करू?

रक्तगट तपासणं माझं रोजचं काम आहे, म्हणून लिहिते. 72 हा आकडा कुणी मनानं काढलेला नाही. 2009 साली अमेरिकेतल्या एक लाखावर परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात तो आला. पण मूळ आकडे पाहा. वर्षाला लाखामागे ओ गटात 27 जणांना हा कॅन्सर झाला, ए गटात 36, एबीत 41 आणि बी गटात 46. म्हणजे लाखात 19 जण जास्त. आपल्याकडे तर हा आजार तिकडच्यापेक्षा खूपच कमी आढळतो. नुसते 72 टक्के सांगून 27 आणि 46 लपवणं म्हणजे लोकांना घाबरवून पैसे काढणं आहे.

त्या पॅकेजमध्ये सीए 19-9 आहे, म्हणजे स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी रक्तातला एक घटक मोजायची चाचणी. साधी कावीळ झाली तरी तो वाढलेला दिसतो. काही लोकांच्या शरीरात तो घटक तयारच होत नाही, मग कॅन्सर असूनही रिपोर्ट नॉर्मल. धडधाकट माणसानं ती करून काय मिळवायचं?

प्रतापनगरवाला
ती पोस्ट मी टाकली. आकडा खरा आहे हे तुम्हीच कबूल करता. मग चूक काय झाली? लोक जागरूक झाले तर कुणाच्या पोटात दुखते?

बी पॉझिटिव्ह
ताई, लाखात 19 म्हणणं सोपं आहे. माझे बाबा त्या 19 मधले असतील तर? त्यांचा गट बी. पन्नाशीनंतर एकाएकी शुगर निघाली, वजन उतरत गेलं, पाठ दुखायची. डॉक्टर शुगरच्या गोळ्या बदलत राहिले. डोळे पिवळे झाले तेव्हा कुठं सीटी स्कॅन झालं आणि तोवर हाती काही उरलं नव्हतं. रक्तगटाची गोष्ट तेव्हा कुणी सांगितली असती तर मी भांडून आधी स्कॅन करवलं असतं. माहिती दाबू नका.

लॅबवाली ताई, मानेवाडा
दादा, बाबांचं वाचून वाईट वाटलं. पण तुम्हीच लिहिलंय बघा: उतारवयात नवी शुगर आणि सोबत उतरणारं वजन. खूण ती होती. ती ओ गटाच्या माणसालाही तितकीच लागू आहे. डॉक्टरांनी ती ओळखायला हवी होती, रक्तगट कळून ते घडलं नसतं.

बी पॉझिटिव्ह
तुमच्यासाठी ‘खूण’. आमच्या घरचा माणूस गेला.

मेडिकल हॉस्टेलवाला
रक्तगटाचा संबंध नव्यानं निघालेला नाही. ए गटात जठराचा कॅन्सर जास्त दिसतो हे इंग्लंडच्या डॉक्टरांनी 1953 सालीच मांडलं होतं. 2010 मध्ये स्वीडन आणि डेन्मार्कच्या दहा लाखांवर रक्तदात्यांच्या नोंदींत ए गटाला सुमारे 20 टक्के जास्त धोका दिसला. त्याच नोंदींत ओ गटवाल्यांना जठराचे अल्सर जास्त! म्हणून ‘ओ गट सुरक्षित’ हे वाक्य अर्धवट आहे. रक्तगटाच्या खुणा फक्त लाल पेशींवर नसतात, जठराच्या अस्तरावरही असतात, जंतू तिथंच चिकटतात. शास्त्र म्हणून विषय मोठा आहे, पण त्याच्या जोरावर पॅकेज विकणं पटत नाही.

इतवारीचा भाऊ
अरे काय लावलं बे रक्तगट रक्तगट! माझ्या मोठ्या भावाचा गट ओ होता. खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, खाऊन तोंड दोन बोटं उघडेना. मग गालात गाठ, मग तुकडोजी हॉस्पिटल, मग अर्धा जबडा काढला. त्या वॉर्डात जाऊन पाहा, सारे खर्रेवालेच दिसतील. कोणाचा गट कोणता, कोण विचारते तिथं? नागपुरात कॅन्सरवर बोलाचं तर खर्ऱ्यावर बोला.

ठेलेवाल्याचा पोरगा
आला का खर्रा मधात! माझ्या बापानं पानठेल्यावर आम्हा तिघांना शिकवलं. गुटखाबंदी 2012 ची, पण पुड्या अजून मिळतात. मोठ्या गोडाऊनवाल्याले कोणी धरत नाई, पन्नीत सुपारी घोटणाऱ्याच्या मागं सारे.

इतवारीचा भाऊ
तुझ्या बापाची मेहनत मान्य आहे. पण पन्नीत जाते ते काय आहे, ते सांग. तंबाखू, सुपारी, चुना. नुसत्या सुपारीलेही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं 2004 मध्ये कॅन्सरच्या कारणांत टाकलं. शाळेतले पोट्टे खाऊन राहिले, त्यांले कोण विकते?

ठेलेवाल्याचा पोरगा
शाळेच्या पोट्ट्यांले आमचा ठेला देत नाई. उगाच बापावर जाऊ नका, सांगून ठेवतो.

बी पॉझिटिव्ह
विषय रक्तगटाचा होता ना? ज्याच्या घरी जे झालं तेच त्याला मोठं दिसते. माझ्या बाबांनी आयुष्यात सुपारी खाल्ली नाही.

गडचिरोलीची मास्तरीण, सध्या नागपूर
रक्ताचं काही तपासायचंच असेल तर विदर्भात सिकलसेल तपासा, आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. माझ्या वर्गातल्या पोरी दुखण्यानं विव्हळतात आणि घरचे म्हणतात नाटकं करते. लग्न जुळवताना पत्रिकेत रक्तगट लिहितात, सिकलसेलचा रिपोर्ट कुणी मागत नाही. पॅकेजवाल्यांनी कधी त्याची जाहिरात केली का?

मेडिकल हॉस्टेलवाला
मॅडमचं शंभर टक्के खरं. साध्या, स्वस्त चाचणीनं कळते, आणि नवरा-बायको दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतः आजारी नसून दोष अंगात असेल, तर पोराला आजार होण्याची शक्यता चारात एक. त्याच्यापुढे लाखात 19 कुठं?

प्रतापनगरवाला
सगळे मिळून मलाच गुन्हेगार ठरवून राहिले. ठीक आहे, दरपत्रक काढतो. 72 च्या पुढे 27 आणि 46 लिहितो, ‘ओ सुरक्षित’ही खोडतो. पोस्ट मात्र राहील, कारण संबंध आहे हे तुमच्यातल्या मेडिकल हॉस्टेलवाल्यानंच सांगितलं.

लॅबवाली ताई, मानेवाडा
ठेवा. सोबत हेही लिहा: तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काही असेल तर दंत महाविद्यालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवा. आणि बी पॉझिटिव्ह दादांची खूणही घाला, उतारवयातली नवी शुगर आणि उतरणारं वजन. गट कोणताही असो.

बी पॉझिटिव्ह
ते घाला. पॅकेजबद्दल ताईंचं ऐकतो. बाकी माझं मत तेच आहे.

ठेलेवाल्याचा पोरगा
चट्ट्याचं मी बापाले विचारतो. तो स्वतःही खाते. पण गोडाऊनवाल्याचं कोणीच बोललं नाई.