मदत हवी आहे: कासवाची पिल्लं पेंगायला लागलीत, झोपू देऊ का?

ओलीमाती
दोन पिल्लं आहेत. चार दिवस झाले, खात नाहीत, मातीत तोंड खुपसून पडून असतात. थंडी सुरू झालीय. शीतनिद्रेला जाऊ द्यायचं की उठवत राहायचं? खोका तयार आहे, आज रात्रीच ठेवणार आहे. लवकर सांगा.

पानगळ७
जात कुठली? सुल्काटा, स्टार, लेपर्ड, रेडफूट शीतनिद्रा घेतच नाहीत, गारठ्यात ठेवलीत तर हातची जातील. आज रात्री खोक्यात काही ठेवू नका.

ओलीमाती
जमिनीवरची आहेत, पाण्यातली नाहीत.

पानगळ७
ते कळलं. जात?

ओलीमाती
देणाऱ्याने हर्मन सांगितलं होतं. शेपटीच्या टोकाला नखासारखं काहीतरी आहे.

पानगळ७
हॉर्सफिल्डलाही असतं. पुढच्या पायांची नखं मोजा. चार असतील तर बहुधा हॉर्सफिल्ड. झोपतात दोन्ही.

गारवा_५
खोका नकोच, फ्रीज वापरा. मी आठ वर्षं हर्मन फ्रीजमध्येच झोपवतोय. ५ अंश कायम, आत थर्मामीटर, रोज एकदा दार उघडून हवा द्यायची. खोलीतल्या खोक्यात १०च्या वर गेलं की कासव अर्धवट जागं होतं आणि अंगातला साठा जळत राहतो. शून्याखाली गेलं तर डोळे कायमचे जातात.

उन्हातबसू
एवढ्याशा पिल्लांना फ्रीज? मी पहिली दोन वर्षं झोपवत नाही. यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण देणारा) आणि उष्णतेचा दिवा बारा तास, दिव्याखाली ३२ ते ३५ अंश. मस्त खातात.

गारवा_५
जंगलात पहिल्याच हिवाळ्यात झोपतात हो.

उन्हातबसू
आणि त्यातली किती वसंतात बाहेर येतात?

शिंपलीताई
पाठीवर उंचवटे येऊ नयेत म्हणून माती ओलसर ठेवा. कोरड्या हवेत वाढलेल्या पिल्लांची पाठ बिघडते, माझ्या पहिल्या कासवाची तशीच झाली.

तळ्याकाठी
माझी पाण्यातली कासवंही खात नाहीत, हीटर किती वॅटचा घेऊ?

पानगळ७
तळ्याकाठी, वेगळा धागा काढा, टाकीचं माप लिहा. ओलीमाती, वजन किती? शेवटचं कधी खाल्लं? दिव्याखाली तापमान किती?

ओलीमाती
वजन केलं नाही. काल काकडीचे दोन तुकडे जबरदस्तीने भरवले. दिवा महिन्यापूर्वी गेला. झोपणारच आहेत म्हणून नवा आणला नाही.

पानगळ७
अहो, हे आधी सांगायचं! ही झोप नाही, गारठलीत ती. अंग गरम झाल्याशिवाय कासवाला अन्न पचत नाही आणि पोटात अन्न असताना थंडीत ठेवलं तर ते आत सडतं. जबरदस्तीने भरवणं बंद. आजच दिवा आणा. कोमट पाण्यात हनुवटी बुडणार नाही इतपत पंधरा मिनिटं बसवा, मग वजन करा. नाकातून पाणी, फुगे दिसतायत का? ऊब मिळूनही दोन-तीन दिवसांत खाल्लं नाही तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा.

गारवा_५
ह्याला माझाही दुजोरा. आधी धडधाकट होऊ देत. मग दहा-पंधरा दिवस खाणं बंद, पण ऊब आणि रोजची आंघोळ चालू, नंतर तापमान हळूहळू उतरवा. पहिल्यांदा चारच आठवडे. दर आठवड्याला वजन करा, दहा टक्के घटायच्या आत उठवायचं. मध्येच लघवी केली तर लगेच.

ओलीमाती
दिवा आणला. नखं पाच आहेत. वजनं ४६ आणि ३९ ग्रॅम, नाकं कोरडी. मोठं दिव्याखाली पाय पसरून बसलंय, धाकट्याने फक्त डोळे उघडले.

पानगळ७
धाकट्याला उद्या सकाळी परत आंघोळ. वजन इथेच लिहा.