मदत हवी आहे : चिपळूण परिसरात मराठीतून होणारी ए. ए. मीटिंग

नमस्कार मंडळी,

मी मद्यपाशाचा रुग्ण आहे. पुण्यातील एका केंद्रात निवासी उपचार घेऊन बाहेर पडल्याला आठ महिने होत आले असून या काळात मी दारूला स्पर्श केलेला नाही. याचे श्रेय माझ्या निर्धाराला कमी आणि घराजवळ आठवड्यातून तीन दिवस भरणाऱ्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस (ए. ए.) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगला अधिक आहे, कारण निर्धार मी त्यापूर्वीही दर एक जानेवारीला आणि दर गटारीच्या दुसऱ्या दिवशी करतच होतो.

गेल्या महिन्यात माझी चिपळूणला बदली झाली. येथे येण्यापूर्वी महाजालावरील एका यादीतून मी एका शाळेचा पत्ता आणि सायंकाळी सातची वेळ टिपून घेतली होती. गुरुवारी भर पावसात तेथे पोहोचलो, तर वर्गाला कुलूप. शिपायाने मला आपादमस्तक न्याहाळले आणि "ते दारू सोडणारे का? ते गेल्या पावसाळ्यापासून बसत नाहीत," असे सांगितले. परतताना कोपऱ्यावर परमिट रूम लागली. पावसाचे निमित्त करून तिच्या पत्र्याखाली मी पाच-सात मिनिटे उभा राहिलो, मग पुण्यातील माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे मला सोबत करणाऱ्या ए. ए.च्या जुन्या सभासदांना, फोन लावला आणि त्यांच्याशी बोलत बोलतच खोलीवर आलो. त्या दिवशी निभावले. दर गुरुवारी निभावेलच असे नाही.

चिपळूण, खेड किंवा रत्नागिरी येथे सध्या प्रत्यक्ष भरणारी मीटिंग कोणाला स्वानुभवाने ठाऊक असल्यास कृपया वार आणि वेळ कळवावी; येथे लिहिणे अवघड वाटल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) केला तरी चालेल. ऑनलाइन इंग्रजी मीटिंगला मी बसून पाहिले आहे, परंतु मुलीच्या फीचे पैसे मी कसे उडवले हे इंग्रजीतून सांगू लागलो की ती गोष्ट दुसऱ्याच कोणाची तरी वाटते. माझी नोकरी दिवसभर लोकांसमोर बसण्याची असल्याने मीटिंगमध्ये एखादा ओळखीचा खातेदार भेटला तर काय करावे, हाही प्रश्न आहे. पत्नी दिवाळीपर्यंत पुण्यातच राहणार असून तिच्यासाठीही काही मार्ग असल्यास सुचवावा.

"मन खंबीर ठेवा" असा सल्ला आणि जेवणातून नकळत द्यायची पावडर कृपया सुचवू नये. पावडरीचा प्रयोग घरच्यांनी एकदा केला होता आणि त्याचा शेवट दवाखान्यात झाला.

प्रतिसाद १

मी सतरा वर्षे सोबर आहे. यादीवर विसंबून कधीही जाऊ नये, कारण मीटिंगच्या जागा बहुधा शाळेच्या किंवा चर्चच्या असतात आणि परीक्षा, सुट्ट्या किंवा बदललेले विश्वस्त यांपैकी कशानेही त्या हातच्या जातात. त्या भागाच्या इंटरग्रुपकडून, म्हणजे तेथील ए. ए. गटांच्या सामाईक कार्यालयाकडून, एखाद्या सभासदाचा क्रमांक मिळवावा आणि निघण्यापूर्वी त्याच दिवशी दुपारी "आज बसता ना?" असे त्यालाच विचारावे.

खातेदाराची चिंता असेल तर क्लोज्ड मीटिंग निवडावी. ओपन मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कोणीही येऊ शकतात. क्लोज्डला मात्र ज्याला स्वतःची दारू थांबवायची आहे तोच येतो, म्हणजे तो खातेदार तेथे दिसलाच तर त्यालाही तुमच्याइतकेच लपवायचे असेल. वहिनींसाठी १९५१ पासून चालत आलेली अल-अनॉन ही कुटुंबीयांची स्वतंत्र संघटना आहे. शिवाय त्या पुण्यातच आहेत, तर मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राच्या 'सहचरी' या पत्नींच्या गटाची चौकशी करावी.

तुमची परमिट रूम वाचून ए. ए.चे एक संस्थापक बिल डब्ल्यू. आठवले. मे १९३५ मध्ये ते अमेरिकेतील ॲक्रन गावी हॉटेलच्या लॉबीत असेच उभे होते. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. चर्चच्या यादीवरून फोन करत करत त्यांनी दुसरा दारुडा शोधला, ते डॉ. बॉब. बॉब यांनी १० जूनला शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस ए. ए.चा स्थापनादिन मानला जातो. सांगायचे एवढेच की दोन-तीन मद्यपी सोबर राहण्यासाठी एकत्र बसले की तो गट होतो, आणि चिपळुणात भरणारी मीटिंग सापडली नाही तर ती तुम्हीच सुरू करू शकता.

एक अवांतर सूचना, जे अद्याप रोज पीत आहेत त्यांच्यासाठी : दारू एकाएकी बंद केल्यास पहिल्या काही दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून आधी डॉक्टरांकडे जावे. उपचार केंद्रांची माहिती १४४४६ या शासकीय क्रमांकावर निःशुल्क मिळते.

धागाकर्ता

मनःपूर्वक आभार. इंटरग्रुपशी बोलणे झाले असून एका सभासदाचा क्रमांक मिळाला आहे. ते रविवारी भेटणार आहेत. आज पुन्हा त्या शाळेत जाऊन आलो. वर्ग हवा असल्यास मुख्याध्यापकांच्या नावे अर्ज द्यावा लागेल, असे शिपाई म्हणाला. मी निघालो तेव्हा फाटकापर्यंत सोबत आला आणि मीटिंग कोणत्या वारी ठेवणार, असे त्याने हळूच विचारले.