बोअरच्या पाण्यात ई. कोलाय निघाले, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून भागेल का?

कोलशेत_विंग_सी

ठाणे, कोलशेत रोड. चार विंगा, १२८ घरं. आवारात एक बोअर आहे: खोली ८० मीटर, व्यास ६ इंच, केसिंग (बोअरच्या वरच्या भागातला पाइप) ९ मीटरपर्यंत. एरवी हे पाणी फ्लशिंगला आणि बागेला जातं. पालिकेचं पाणी कमी येतं त्या दिवशी बायपासचा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी २०,००० लिटरच्या जमिनीखालच्या टाकीत घेतात आणि तिथून गच्चीवर चढवतात.

मे महिन्यातला रिपोर्ट स्वच्छ होता. जुलैचा असा आहे: टोटल कोलिफॉर्म १४०, ई. कोलाय १७ (एमपीएन, म्हणजे १०० मिलीमागे जंतूंची अंदाजे संख्या). टीडीएस ६१०, नायट्रेट ३८, गढूळपणा २ एनटीयू. ड्रेनेजचा चेंबर बोअरपासून ११ मीटरवर आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून थेट बोअरमध्ये सोडलेलं आहे.

टीसीएल किती टाकायची? बहुतेक घरांत आरओ आहे, मग काळजीचं कारण आहे का? आणि बोअर साफ करून पाणी पुन्हा पिण्याला घेता येईल का?

नमुना_१००मिली

सगळ्यात आधी बायपास बंद करा आणि आजच चारही लिफ्टपाशी सूचना लावा: पिण्याचं पाणी खळखळून उकळा, उकळी फुटल्यावर एक मिनिट तसंच राहू द्या, झाकून गार करा. दात घासायला, कोशिंबिरीसाठी, कोथिंबीर धुवायला आणि बर्फासाठीही तेच पाणी वापरा. आरओवर भिस्त ठेवणारी घरं नेमकी इथे फसतात. मशीनचं पाणी पितात आणि काकडी नळाखाली धुतात.

१७ हा आकडा लहान की मोठा, यावर वेळ घालवू नका. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००:२०१२) १०० मिलीत ई. कोलाय आढळताच कामा नये. ई. कोलायच्या बहुतेक जाती स्वतः आजार करत नाहीत, पण ते सापडले म्हणजे माणसाच्या किंवा जनावराच्या विष्ठेला पाण्यापर्यंत यायला वाट मिळाली आहे. त्याच वाटेने टायफॉइड, कॉलरा, हिपॅटायटिस ए आणि ई (दोन्ही काविळीचे विषाणू), जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी येऊ शकतात. सोसायटीत गरोदर बायका असतील त्या घरांना स्वतः जाऊन सांगा, हिपॅटायटिस ई त्यांच्या जिवावर बेतू शकतो.

एका नमुन्यावरून घाण कुठून येते ते कळणार नाही. एकाच दिवशी निदान पाच नमुने घ्या: बोअर सुरू केल्यावर पाच मिनिटांनी, तोच पंप एक तास चालल्यावर, पालिकेच्या लाइनवर टाकीच्या आधी, जमिनीखालच्या टाकीतून आणि एका घरातल्या स्वयंपाकघराच्या नळातून. बाटल्या लॅबमधूनच आणा. त्यात सोडियम थायोसल्फेट असतं, म्हणून आतून विसळू नका. ते नसेल तर पाण्यातलं क्लोरिन वाटेत जंतू मारत राहतं आणि रिपोर्ट खोटा स्वच्छ येतो. नळाची जाळी काढा, तोंड स्पिरिटने पुसा, दोन-तीन मिनिटं पाणी सोडा आणि मगच भरा. बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो सहा तासांत लॅबला पोचवा.

काळा_पाषाण

मे महिन्यात स्वच्छ आणि जुलैमध्ये खराब, यातच अर्धं उत्तर आहे. ठाण्याखाली बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण आहे. वर माती आणि मुरूम, खाली अखंड दगड, आणि पाणी असतं ते दगडाच्या भेगांत आणि सांध्यांत. वाळूच्या थरातून पाणी झिरपताना गाळलं जातं, भेगेतून ते नळातून आल्यासारखं येतं. सेप्टिक टँकपासून १५ मीटर अंतर ठेवा, असं सर्रास सांगितलं जातं. तो हिशेब मातीचा आहे. फुटलेल्या दगडात ५० मीटरसुद्धा काही तासांत पार होऊ शकतं.

मे महिन्यात २००० साली कॅनडात, ओंटारिओतल्या वॉकरटन गावात हेच घडलं. उथळ विहीर, भेगाळ खडक, शेजारच्या शेतातलं शेणखत आणि जोराचा पाऊस. ई. कोलायची घातक जात पाण्यात उतरली, सात माणसं गेली आणि दोन हजारांहून जास्त आजारी पडली. क्लोरिनची सोय तिथेही होती, पण उरलेलं क्लोरिन नीट मोजलं जात नव्हतं.

तुमच्या वर्णनात मला सगळ्यात जास्त खटकतो तो गच्चीचा पाइप. गच्चीवर कबुतरांची विष्ठा असते आणि पहिल्या सरीबरोबर ती सगळी खाली येते. वाळूचा फिल्टर पानं आणि गाळ अडवतो, जंतू अडवत नाही. म्हणजे ९ मीटरचं केसिंग ओलांडून तुम्ही स्वतःच घाण आत सोडता आहात. तो पाइप आजच तोडा. पुनर्भरण करायचंच असेल तर वेगळ्या खड्ड्यात करा, तेही पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडण्याची सोय करून.

पाच मिनिटांच्या आणि एका तासाच्या नमुन्याचं गणित सोपं आहे. आधी जास्त आणि नंतर कमी, तर गळती वर, केसिंगच्या आसपास. आधी कमी आणि नंतर जास्त, तर पंपामुळे पातळी खाली गेल्यावर लांबची घाण भेगेतून ओढली जाते आहे. हे दुसरं निघालं तर त्या बोअरचं पाणी पिण्याला घ्यायचा विचार सोडून द्या.

क्लोरिन_हिशेब

टीसीएलचा हिशेब: लिटर गुणिले हवं तितकं क्लोरिन (मिग्रॅ/लिटर), भागिले पावडरीची ताकद टक्क्यांत गुणिले १०. उत्तर ग्रॅममध्ये येतं. २०,००० लिटर, २ मिग्रॅ, २५ टक्के पावडर: १६० ग्रॅम. नवी पावडर ३३ टक्क्यांच्या आसपास असते, पण ठाण्याच्या दमट हवेत उघडी राहिली की झपाट्याने उतरते, म्हणून २५ धरा. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास निवू द्या आणि वरची निवळीच टाकीत ओता. खालचा चुना ओतलात तर फ्लोट व्हॉल्व्ह चिकटतो.

मात्र हे २ मिग्रॅ अंदाजाने टाकू नका. ४० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवून एक टक्क्याची निवळी करा. १० लिटरच्या पाच बादल्यांत टाकीचं पाणी भरा आणि १, २, ३, ४, ५ मिली निवळी घाला. म्हणजे अनुक्रमे १ ते ५ मिग्रॅ/लिटर झालं. अर्ध्या तासाने ज्या पहिल्या बादलीत ०.५ मिग्रॅ मोकळं क्लोरिन (कशालाही न चिकटलेलं, जंतू मारायला शिल्लक असलेलं) उरलं, तो तुमचा डोस. मानक किमान ०.२ सांगतं, पण विषाणूंचा धोका असेल तिथे ०.५ हवं.

मोजायला ओटी टेस्ट (पाणी पिवळं करणारी क्लोरिन चाचणी) वापरू नका, मोकळं क्लोरिन वेगळं दाखवणारी डीपीडीची गोळी वापरा. सांडपाणी मिसळलं की पाण्यात अमोनिया येतो, क्लोरिन त्याला चिकटून क्लोरामाइन होतं आणि ओटी टेस्ट त्यानेही पिवळी पडते. पिवळं दिसतं, मोकळं क्लोरिन शून्य असतं. १ मिग्रॅ अमोनिया संपवायला साधारण १० मिग्रॅ क्लोरिन जातं. पाच नंबरच्या बादलीतही काही उरलं नाही, तर ते पाणी क्लोरिनने सुधारायचं राहिलेलं नाही.

क्लोरिनची मर्यादाही ओळखा. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं. क्लोरिन वाढवल्यामुळे टायफॉइडसारखे आजार वाढले नाहीत, पण काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण झाले. पुढे कळलं की ती हिपॅटायटिस ई होती. क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीवर तर नेहमीच्या मात्रेचं क्लोरिन जवळजवळ निष्प्रभ ठरतं.

कोलशेत_विंग_सी

सर्वांचे आभार. बायपास बंद केला, गच्चीचा पाइप तोडला. चार कोरड्या दिवसांनंतरचे ई. कोलाय असे: बोअर पाच मिनिटांनी ७९, एक तासाने ४.५. पालिकेची लाइन टाकीआधी शून्य, क्लोरिन ०.३. जमिनीखालची टाकी ३३, घरातला नळ २३, दोन्हीकडे क्लोरिन शून्य. टीडीएस: बोअर ६१०, पालिका ९०, टाकी ९६. बायपास बंद असूनही टाकीत ३३ कसे?

काळा_पाषाण

बोअरचं स्पष्ट झालं, गळती वरच आहे. केसिंग आणि भोक यांच्यातली पोकळी बहुधा खोदाईच्या भुग्यानेच भरलेली आहे. कॅमेरा सोडून ओली धार कुठे दिसते ते पाहा. मग आत १२५ मिमीचा पीव्हीसी पाइप निदान २० मीटरपर्यंत उतरवा, तळाशी रबरी पॅकर (फट बुजवणारं कडं) लावा आणि दोन पाइपांमधली जागा सिमेंटच्या स्लरीने भरा (५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी). स्लरी बारीक नळीने तळातून वर भरत आणायची. वरून ओतली तर मध्येच अडकते आणि खाली पोकळी राहते. ४ इंची पंप त्यातून जातो, आधी मोजून घ्या. वरची भेग बंद झाल्याने पाणी कमी होईल, हे सभासदांना आधीच सांगा. तोंड जमिनीपासून दीड फूट वर घ्या आणि भोवती बाहेरच्या उताराचा एक मीटर कट्टा करा.

निर्जंतुकीकरण हे सगळं झाल्यावर. ६ इंची बोअरमध्ये मीटरला १८ लिटर पाणी बसतं. ७२ मीटर पाणी धरलं तर सुमारे १,३०० लिटर, आणि ५० मिग्रॅसाठी ६५ ग्रॅम क्लोरिन. बाजारातलं १० टक्के सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्केच धरा आणि १.३ लिटर घ्या. २०० लिटरच्या पिंपात मिसळून ओता, पंपाचं पाणी पाइपने पुन्हा बोअरमध्ये सोडून तासभर फिरवा आणि रात्रभर ठेवा. हे पाणी उपसताना एसटीपीत (सांडपाणी शुद्धीकरण संचात) जाऊ देऊ नका, तिथले जिवाणू मरतील. नमुना आठवड्याने घ्या, नंतर महिन्याने, आणि पुढच्या जुलैत नक्की.

टाकी_ते_नळ

टाकीचे ३३ बोअरमधून आलेले नाहीत. टीडीएस ९० वरून ९६ झाला, म्हणजे व्हॉल्व्ह गळत असला तरी बोअरचं पाणी जेमतेम एक टक्का. त्यातून १०० मिलीला एकसुद्धा ई. कोलाय येत नाही. टाकीची वेगळी वाट आहे. कच्च्या सांडपाण्यात १०० मिलीला दहा लाख ते एक कोटी ई. कोलाय असतात, त्यामुळे २०,००० लिटरमध्ये ३३ व्हायला वाटीभर ते अर्धा-पाऊण लिटर सांडपाणी पुरतं. इतकं थोडं टीडीएस मीटरला कधीच दिसणार नाही आणि वासही येणार नाही.

आधी ओव्हरफ्लोचा पाइप पाहा. तो चेंबरमध्ये बुडालेला असेल तर चेंबर तुंबला की पाणी उलटं येतं. तो उघड्यावर, जाळी लावून, चेंबरच्या काठापेक्षा वर सोडा. मग झाकणाची चौकट, ती फरशीपेक्षा सहा इंच तरी उंच हवी. तरीही नाही सापडलं तर टाकी रिकामी करा, भिंती पुसून कोरड्या करा आणि दोन तासांनी टॉर्चने बघा. पावसाळ्यात भूजल वर असतं, रिकाम्या टाकीत ते आत झिरपताना दिसतं, विशेषतः पाइप भिंतीतून जातो तिथे आणि तळाच्या सांध्यात. माणूस आत उतरवण्याआधी दोन्ही झाकणं उघडून ब्लोअरने हवा खेळवा, वर दुसरा माणूस आणि कमरेला दोर असल्याशिवाय कुणालाही उतरवू नका.

आणि बायपास नुसता बंद ठेवून चालणार नाही, पाइपचा तुकडा कापून दोन्ही तोंडांना कॅप लावा. व्हॉल्व्ह असेल तर पाणीकपातीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी तो उघडेल. फ्लशिंगची टाकी आणि लाइन कायमची वेगळी ठेवा आणि त्या पाइपला दुसरा रंग द्या.